यकृताचं पारणं

यकृताच्या चकत्यांना सकाळी नऊला खायला घालावं लागतं. नऊ-वीस झाले म्हणून त्या मरत नाहीत. पण आमच्या केंद्राच्या वहीत नऊचा रकाना छापलेला आहे आणि दीड वर्षात मी तो एकदाही चुकवला नव्हता. उबवणीचं कपाट उघडायचं, तबक बाहेर काढायचं, प्रत्येक चकतीवरचा कालचा द्रव शोषून घ्यायचा, आजचा गुलाबी द्रव थेंबाथेंबानं सोडायचा. मग वहीत वेळ आणि सही.

चकती म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा जिवंत यकृताचा तुकडा. रुग्णाचं दोन चमचे रक्त घेतलं की त्यातल्या काही पेशींना पुन्हा लहान करता येतं. इतकं लहान, की आपण रक्तातल्या आहोत हे त्या विसरतात आणि काहीही व्हायला तयार होतात. त्यांना आम्ही यकृताच्या पेशी व्हायला लावतो. मग समुद्री शेवाळातून काढलेल्या चिकट रसात त्या मिसळायच्या आणि प्रिंटरच्या सुईतून थरावर थर घालायचे. सुई षटकोन काढत जाते, मधमाश्यांच्या पोळ्यासारखे, कारण आपल्या पोटातलं यकृतही साधारण तशाच षटकोनांचं बनलेलं असतं. रक्त दिल्यापासून एकोणीस दिवसांत चकती तयार होते आणि तीन-साडेतीन महिने टिकते.

हा सगळा खटाटोप क्षयरोगासाठी. क्षयाची औषधं जंतूंना मारतात, पण त्या औषधांची विल्हेवाट शेवटी यकृतालाच लावावी लागते. कुणाचं यकृत ते काम झटपट करतं, कुणाचं रेंगाळत, आणि हे बरंचसं जन्मतःच ठरलेलं असतं. जुना उपचार सहा महिन्यांचा. नवा तीन महिन्यांचा, पण जोरदार. तो कुणाला झेपेल हे आधी कळायला मार्ग नव्हता. आता आहे. चकतीवर सात दिवस औषध सोडायचं. पेशी फुटायला लागल्या की त्यांच्यातली विकरं बाहेरच्या द्रवात गळतात. ती मोजायची. आकडा चाळीसच्या खाली राहिला तर तीन महिन्यांचा उपचार, वर गेला तर सहा महिन्यांचा. मिरजेच्या आमच्या केंद्रातून असे दोनशे बारा अहवाल गेले होते.

त्यातला एकशेसतरावा माझ्या आत्याचा होता.

आत्याचं नाव त्रिशला मगदूम. वय अठ्ठावन्न. जयसिंगपूरला आठव्या गल्लीत तिची पिठाची गिरणी आहे. तिचे यजमान, म्हणजे आमचे मामा, वारल्यापासून बारा वर्षं ती एकटी चालवते. अकरावीला मी शिकायला तिच्याकडे आले ती तिथेच राहिले. तिला खोकला झाला तेव्हा सगळ्यांनी तो पिठाचा खोकला ठरवला. गिरणीवाल्यांना तो असतोच. आत्या तोंडाला पदर बांधून ज्वारी दळत राहिली. ज्येष्ठात एकदा खोकल्यातून रक्त पडलं, तेव्हा मी तिला ओढत दवाखान्यात नेलं.

क्षय निघाल्यावर आमच्या केंद्रात तिचं रक्त द्यायचं मीच ठरवलं. चकत्याही मीच छापल्या. आठ छापल्या, चार तपासणीला आणि चार राखीव. मोबाइलवर फोटो आणून दाखवला तर तिनं चष्मा लावून बराच वेळ पाहिला.

ती जिवंत आहे का, हा तिचा पहिला प्रश्न होता. मी हो म्हटलं. खाते का, तर हो. काय खाते, म्हणून मी साखर, अमिनो आम्लं, क्षार, जीवनसत्त्वं अशी यादी सांगितली. आम्ही जैन, तेव्हा त्यात कंदमूळ नाही ना, हे तिनं विचारून घेतलं. मी हसले. ती हसली नाही.

"खाते, वाढते, दिसत नाही, ऐकत नाही," ती म्हणाली. "म्हणजे एकेंद्रिय जीव झाला की. तपासणी झाल्यावर काय करता त्यांचं?"

"मरतात त्या, आत्या."

"माझ्यासाठी चार मरणार." तिनं मोबाइल परत दिला. "बरं. मग नीट तपास. वाया जाऊ देऊ नको."

मी नीट तपासलं. आकडा आला बावीस. इतकं धडधाकट यकृत त्या महिन्यात दुसरं आलं नव्हतं.

अहवालाला जोडून एक फॉर्म असतो. दारू, तंबाखू, इतर औषधं, दिवसातून किती वेळा जेवण. तो रुग्णाला विचारून भरायचा असतो. आत्याचा मी माझ्या टेबलावर बसून चार मिनिटांत भरला. दारू नाही, तंबाखू नाही, औषधं नाहीत, जेवण दोन वेळा. तिला एकही प्रश्न विचारला नाही. आठ वर्षं तिच्या हातचं जेवते आहे, विचारायचं काय.

श्रावणात तीन महिन्यांचा उपचार सुरू झाला. गोळ्या घेतल्या की नाही हे पाहायला आरोग्यसेविका येई, ती आत्याचं उदाहरण इतरांना देऊ लागली. एकही गोळी चुकत नव्हती. खोकला थांबला. वजन अर्धा किलो वाढलं.

भाद्रपद शुद्ध पंचमीपासून आमचं दशलक्षण पर्व सुरू होतं. दहा दिवस. बहुतेक घरांत कुणी एक वेळ जेवतं, कुणी मधले एक-दोन उपवास करतं. उपवास म्हणजे फक्त उकळून गार केलेलं पाणी, तेही दिवस मावळायच्या आत. थोडी माणसं सलग दहा करतात. आत्यानं मागच्या वर्षीच महाराजांपुढे नियम घेतला होता की या वर्षी दहा करीन. आजार निघाल्यावर तिनं त्यात औषधाची सूट मागून घेतली, आणि मला वाटतं ती स्वतःवर खूश होती, कारण आता काहीच मोडणार नव्हतं. नियमही नाही, गोळ्याही नाहीत.

पंचमीच्या आदल्या दिवशी गिरणीत, पट्टा उतरवता उतरवता, तिनं मला विचारलं.

"तुझ्या त्या चकत्यांनी सांगितलंय न्हवं, माझं यकृत दणकट आहे म्हणून?"

"बावीस आकडा आहे. चाळीसपर्यंत चालतो."

"मग दहा दिवस पाण्यावर गोळ्या घेतल्या तर चालेल?"

मी थोडा विचार केला. थोडाच. अहवालावर माझी सही होती आणि आकडा चांगला होता.

"चालेल," मी म्हटलं.

तिसऱ्या दिवशी गल्लीतल्या मंडळींनी फ्लेक्स छापून आणला. आत्याचा आधार कार्डावरचा फोटो मोठा करून, खाली 'दहा उपवासांबद्दल हार्दिक अभिनंदन'. अकराव्या दिवशी सकाळी पारण्याला तो गिरणीवर लागणार होता. आत्यानं फोटो पाहिला आणि म्हणाली की यात मी उपवास न करताच उपाशी दिसते.

सहाव्या दिवशी मी कामावर निघाले तेव्हा ती दारात पाणी उकळत ठेवून बसली होती. तिला मळमळत होतं. उपाशीपोटी मळमळतंच, असं तिचं म्हणणं. मी पुढे झाले आणि परत आले, का ते सांगता येणार नाही. तिला उन्हात उभं केलं आणि खालची पापणी ओढून पाहिली. डोळ्याचा पांढरा भाग पांढरा नव्हता.

मिरजेला नेलं. रक्तातला विकरांचा आकडा नऊशेवर होता. वॉर्डातल्या डॉक्टरांनी सगळ्या गोळ्या तत्काळ बंद केल्या, ग्लुकोज लावलं, आणि तोंडानं खायला द्यायला सांगितलं. पेज मी करून आणली. पहिला घास मीच भरवला. सहाव्या दिवशी, दुपारी तीन वाजून काही मिनिटांनी तिचा नियम मोडला. तिनं तोंड उघडलं, गिळलं, आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. तिनं मला दोष दिला असता तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं.

डॉक्टर म्हणाले, पुढचे दहा दिवस सांगता येत नाही. यकृत सावरलं तर सावरलं.

मी दुसऱ्या दिवशी कामावर गेले, कारण वॉर्डात बारापर्यंत नातेवाइकांना बसू देत नाहीत. नऊ वाजले होते. कपाट उघडलं, तबक काढलं आणि म-११७च्या, म्हणजे आत्याच्या, चार राखीव चकत्यांवर गुलाबी द्रव सोडायला लागले. दुसऱ्या चकतीवर माझा हात थांबला.

मी त्यांना रोज जेवू घालत होते. तपासणीच्या सातही दिवशी घातलं होतं. औषध द्यायचं आणि सोबत पोटभर खाणं, चोवीस तासांच्या आत, न चुकता. बावीस हा आकडा जेवलेल्या यकृताचा होता. उपाशी यकृताला मी कधी काही विचारलंच नव्हतं. यंत्र ज्यांनी बनवलं त्यांनाही ते सुचलं नसेल, पण त्यांच्या घरात अष्टमी-चतुर्दशी नसेल. माझ्या घरात होती. आत्या दर पंधरवड्याला दोन दिवस जेवत नाही हे मला माझ्या पत्त्यासारखं ठाऊक होतं, आणि फॉर्मवर मी 'जेवण दोन वेळा' लिहिलं होतं. लिहिताना ते खोटं आहे असं वाटलंसुद्धा नव्हतं.

आमच्या केंद्राच्या प्रमुख डॉ. नसीमा मुजावर. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या, माणसाला नावापेक्षा कामानं ओळखणाऱ्या. मी त्यांना सगळं सांगितलं. फॉर्म मी न विचारता भरला हेही, आणि 'चालेल' म्हटलं तेही. त्यांनी दोनशे बारा अहवालांची यादी पडद्यावर काढली आणि पहिल्यापासून वाचत गेल्या.

"रमजानमध्ये मी इथे येते," त्या म्हणाल्या. "स्वतः रोजा धरते आणि सकाळी नऊला या सगळ्यांना खायला घालते. चौथं वर्ष आहे. माझ्याही डोक्यात आलं नाही, चंदना."

मग त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या की अंदाज नको, आधी पुरावा.

पुरावा काढणं तितकं सोपं नव्हतं. चकतीचा द्रव नुसता बंद करून चालत नाही. उपाशी माणसाच्या रक्तातही साखर असते. शरीर साठ्यातून काढून ती भरत राहतं, चरबी वितळवतं. कमी पडतात ती अमिनो आम्लं, आणि त्यांच्यापासून यकृत एक पदार्थ बनवतं, त्याचं नाव ग्लुटाथायोन. औषध मोडताना जे विषारी तुकडे तयार होतात त्यांना ते पुसून काढतं. घरात फरशी पुसायचा फडका असावा तसं. जेवणारं यकृत रोज नवा फडका काढतं. उपाशी यकृत आहे तोच पिळून पिळून वापरतं आणि एक दिवस फडकाच उरत नाही. निदान माझा तर्क तसा होता. मी उपाशी माणसाच्या रक्ताचे छापील आकडे शोधले, त्या हिशेबानं पातळ द्रव बनवला आणि बाटलीवर 'उपवास' लिहिलं.

तीन चकत्या घेतल्या. एकीला पूर्ण खाणं आणि औषध. दुसरीला उपवास, औषध नाही. तिसरीला उपवास आणि औषध. एकदा वापरलेली चकती परत वापरता येत नाही, म्हणजे राखीव एकच उरली.

रोज सकाळी नऊला मी आकडे घेई आणि बाराला वॉर्डात जाई. आत्याचे आकडे वॉर्डातल्या कागदावर, चकत्यांचे माझ्या वहीत. पहिल्या चकतीला काही झालं नाही. दुसरीलाही झालं नाही. तिची तब्येत थोडी खालावली, पण आकडा तीसच्या पुढे गेला नाही. तिसरीचा चौथ्या दिवशी एकशे चाळीस झाला आणि पाचव्या दिवशी ती मेली. षटकोनांच्या कडा विरघळून नुसता गढूळ गोळा राहिला. उपवासानं ती मेली नव्हती, औषधानंही नाही. दोन्ही मिळून मेली. आत्या तिच्यापेक्षा जास्त टिकली होती.

त्या दिवशी वॉर्डात आत्याचा आकडा नऊशेवरून सहाशेवर आला होता.

डॉ. मुजावरांनी अहवाल लिहायला मलाच बसवलं. यंत्र पुरवणाऱ्या कंपनीला तो पसंत पडला नाही. एका रुग्णाच्या तीन चकत्यांवरून निष्कर्ष काढू नयेत, असं त्यांचं पत्र आलं, आणि शास्त्र म्हणून त्यात चूक काहीच नव्हती. अहवालात फॉर्मचं कलम ठेवायचं की नाही हे डॉ. मुजावरांनी माझ्यावर सोडलं. ठेवलं तर चौकशी होणार हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. मी ठेवलं. मेमो मिळाला आणि सहा महिन्यांसाठी अहवालावर सही करण्याचा माझा अधिकार काढून घेतला. चौकशी संपेपर्यंत केंद्रातून नवे अहवाल जाणार नव्हते.

दोनशे बारांपैकी एक्केचाळीस जण त्या वेळी तीन महिन्यांच्या उपचारावर होते. त्यांना फोन करायचं काम मी मागून घेतलं. उपवास करता का, असं सरळ विचारलं की माणसं नाही म्हणत, हे मला तिसऱ्या फोनला कळलं. विट्याच्या एका बाईंनी आधी नाही म्हटलं आणि मग सांगितलं की सोमवार, गुरुवार आणि संकष्टी एवढंच, त्याला काय उपवास म्हणायचं. त्यानंतर मी प्रश्न बदलला. काल सकाळपासून आजपर्यंत काय काय खाल्लं, असं विचारू लागले, आणि मग परवा, आणि मग मागच्या सोमवारी. एक्केचाळीसपैकी उपाशी राहणारे अकरा निघाले. त्यातली एक कॉलेजची मुलगी लग्नाआधी वजन उतरवायला दोन आठवडे ताकावर होती. अकरा जणांचं रक्त तपासलं. दोघांचे आकडे तीनशेच्या वर होते आणि त्यांना अजून काहीच जाणवत नव्हतं. विट्याच्या बाई त्यांतल्या एक. त्यांची औषधं त्याच दिवशी थांबवली.

हे आत्याला सांगितलं तेव्हा ती घरी आली होती. डोळे पुन्हा पांढरे झाले होते. गिरणी अजून बंद होती. गल्लीतल्या मंडळींनी तो फ्लेक्स न लावता मुकाट्यानं तिच्या ताब्यात दिला होता आणि तिनं तो उलटा करून गव्हाच्या पोत्यांवर टाकला होता. सहा महिने सही नाही, हेही मी सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं, तुला न विचारता सही करायची सवयच आहे. वॉर्डातल्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच ती मला टोचून बोलली आणि मला बरं वाटलं.

क्षय अजून होताच. आता जुना, सहा महिन्यांचा उपचार. त्या गोळ्या सौम्य, पण त्याही यकृतातूनच जायच्या. वॉर्डातल्या डॉक्टरांनी निघताना तिला सांगितलं होतं की सहा महिने उपवासाचं नाव काढायचं नाही. त्यांच्यापुढे ती काही बोलली नाही. घरी आल्यावर बोलली.

"दहाचं सोड. ते परत नाही. पण अष्टमी-चतुर्दशी मी तेराव्या वर्षापासून करते. पोट फाडून पोरगं मेलेलं काढलं, त्या महिन्यात पण चुकवली नाही. ते डॉक्टर मला ओळखत नाहीत. माझं यकृत तुझ्या कपाटात आहे. त्याला विचार."

"एकच चकती उरलीय, आत्या. एका चकतीवरून नीट सांगता येत नाही."

"मला तरी एकच आहे."

मी तिला समजावलं की ही शेवटची आहे, औषध लागलं की वापरून संपली, आणि चौकशी चालू असताना नवी छापता येणार नाही. ते तिला मान्य होतं. तिची एकच अट होती. ज्या दिवशी उत्तर निघेल त्या दिवशी तिला समोर उभं राहायचं होतं. चालेल की नाही हे तिला माझ्या तोंडून नाही, यंत्रातून ऐकायचं होतं. हे ती रागानं म्हणाली नाही. म्हणून ते जास्त लागलं.

डॉ. मुजावरांनी नियमात बसत नाही एवढं म्हणून परवानगी दिली. शेवटच्या चकतीला मी सहा दिवस जुन्या उपचाराचं औषध आणि पूर्ण खाणं दिलं, सातव्या दिवशी सकाळी नऊला औषध आणि 'उपवास' बाटलीतला द्रव. आठव्या दिवशी आश्विनातली अष्टमी होती. तो योगायोग नव्हता. दिवस आत्यानं निवडला होता.

ती साडेआठच्या बसनं आली. हातात कापडी पिशवी. मी तिला निळा झगा घातला, टोपी घातली, मास्क लावला. मास्क लावायला तिला शिकवावं लागलं नाही. गिरणीत तिचा जन्म गेला होता. डोळे फक्त दिसत होते आणि ते पांढरे होते. सकाळपासून तिनं काही खाल्लं नव्हतं. गोळीही घेतली नव्हती. आधी उत्तर, मग काय ते.

नऊला कपाट उघडलं. तबक सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून तिला पाहायला दिलं. पडद्यावर षटकोन आले, एकमेकांना चिकटलेले, कडा थोड्या धूसर. ती बराच वेळ बघत राहिली. हात आपोआप उजव्या बरगडीखाली गेला होता.

मी चकतीवरचा द्रव शोषून यंत्रात घातला. दहा मिनिटं लागतात. डॉ. मुजावर दाराशी येऊन उभ्या राहिल्या. मग यंत्रानं आकडा दाखवला.

त्रेचाळीस.

आमच्या यंत्रात पाचाचा फरक इकडे-तिकडे पडू शकतो. म्हणजे खरा आकडा अडतीसही असेल. चकती एकच, मोजणी एकच. ताणून धरलं तर त्यातून 'चालेल' काढता आलं असतं, आणि समोर उभ्या असलेल्या बाईला तेच हवं होतं. तिला नाही म्हणायचं तर पंचेचाळीस वर्षांत न चुकलेली गोष्ट माझ्या एका आकड्यानं थांबणार होती.

"त्रेचाळीस आला," मी म्हटलं. "मर्यादा चाळीसची. पाच इकडे-तिकडे होऊ शकतात. चालेल असं मी म्हणू शकत नाही. चालणारच नाही असंही म्हणू शकत नाही. एवढंच कळतं, आत्या. याच्या पुढचं मला माहीत नाही."

"माहीत नाही."

"नाही."

तिनं डॉ. मुजावरांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, की एवढंच आहे. आत्या पुन्हा पडद्याकडे वळली. चकती कोरड्या तबकात पडून होती.

"आधी तिला खायला घाल," आत्या म्हणाली. "कालपासून उपाशी आहे ती. आमच्या भांडणात तिचे का हाल?"

मी गुलाबी द्रवाची बाटली घेतली, नळी भरली. मग काय वाटलं कुणास ठाऊक, नळी तिच्यापुढे धरली. उपवास करणाऱ्याचं पारणं दुसऱ्याच्या हातून व्हावं असं आमच्याकडे असतं. पारणं या शब्दाचा उच्चार आम्ही दोघींनीही केला नाही. अंगठ्यानं कसं दाबायचं ते दाखवलं. तिचा हात जात्याच्या दगडाला टाकी लावणारा, पण थेंब कडेनं, अलगद पडले. गुलाबी रंग षटकोनांवरून पसरत गेला.

मी वहीत लिहिलं. म-११७, क्रमांक आठ. वेळ नऊ-सतरा. खाणं दिलं. कोणी दिलं या रकान्यात नेहमी माझी सही असते. मी पेन तिच्याकडे दिलं आणि तिनं वाकून, गिरणीच्या पावतीवर करते तशी, अख्खं नाव लिहून सही केली.

झगा काढून आम्ही बाहेर आलो. व्हरांड्यात बाक आहे, तिथे ती टेकली. मी म्हटलं, खाली कॅन्टीन आहे, उपमा मिळेल, कांदा घालू नका म्हणून सांगते.

"नको," ती म्हणाली. कापडी पिशवीत हात घालून तिनं स्टीलचा डबा काढला, मग रुमालात गुंडाळलेलं गोळ्यांचं पाकीट. डबा दोन कप्प्यांचा होता. वरच्यात भाकरी, खालच्यात मुगाची उसळ. अजून गरम होती, म्हणजे पहाटे उठून केली होती.

"उत्तर यायच्या आधीच आणलास?" मी विचारलं.

"दोन्ही तयारीनं आले होते," ती म्हणाली. "तू 'चालेल' म्हणाली असतीस, तर तुला एकटीला खायला लावणार होते." तिनं भाकरीचे दोन भाग केले, मोठा स्वतःकडे ठेवला, आणि गोळ्या जेवणानंतर किती मिनिटांनी घ्यायच्या ते मला विचारलं.